शालूनं परत आणलेलं हाड

काकू, रमेशभाऊ, समोर बसलेल्या बायामाणसांनो, आणि शालूच्या प्रयोगशाळेतून नागपूरहून आलेल्या मंडळींनो.

धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. परे उपटून ठेवले आहेत, बांधीत चिखल तयार आहे, आणि तरी तुम्ही हातपाय धुऊन या समाजमंदिरात येऊन बसलात. गावानं एवढं केलं, शालूला बरं वाटलं असतं. तोंडानं मात्र ती म्हणाली असती, काऊन एवढी गर्दी केली, कामं नाहीत का तुमाले?

मला बोलायला शालूच्या भावानं, रमेशभाऊंनी सांगितलं. मी म्हटलं, मी दूध संस्थेची अध्यक्ष, मला फॅटवर बोलता येतं, भाव वाढवून मागता येतो, बालमैत्रिणीच्या फोटोसमोर उभं राहून बोलता येत नाही. ते म्हणाले, सुमन, तू नाही बोललीस तर मग कोण? म्हणून उभी आहे. माइक आहे तर जरा पुस्तकातलं मराठी बोलायचा प्रयत्न करते. मध्येच घसरले तर सांभाळून घ्या. आणि रडले तर थोडं थांबा, पण कोणी पाणी घेऊन धावू नका. मला रडायला आज वेळ नाही.

वेळ नाही, हे मी मुद्दाम म्हणते आहे. इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. मनसारामभाऊंचा हेला, पाहुण्यांच्या भाषेत रेडा, आज पहाटे गेला. चिखलणीच्या जोडीतला डावा. काल सकाळी ताप, दुपारी गळा सुजला, संध्याकाळी घरघर, आणि पहाटे गेला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. घटसर्प आहे. तळ्याच्या पाळीखाली भाऊंच्या शेतात खड्डा खोदणं चालू आहे. दुपार कलली की हेला त्यात जाईल, वर मीठ पडेल, माती पडेल. आणि भाऊ स्वतः इथं बसले आहेत, तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. घरात असं झालेलं असताना माणूस शोकसभेला आला. भाऊ, तुम्ही आलात, मी तुमच्या पाया पडते.

आता या टेबलाकडे पाहा. शालूचा फोटो आहे. फोटोला हार आहे. आणि शेजारी हा पांढरा बर्फाचा डबा, त्यालाही कोणीतरी हार घातला आहे. प्रेमानं घातला असेल. हा डबा शालूच्या मांडीवर होता. देवरीहून येणाऱ्या बसमध्ये तिच्या छातीत दुखायला लागलं, वाहकानं बस सरळ दवाखान्याच्या दारात न्यायला लावली, पण उपयोग झाला नाही. नंतर तो वाहक हा डबा घेऊन शालूच्या आईकडे, आपल्या काकूंकडे आला. आत नुसतं पाणी होतं. बर्फ वितळून गेलेला, बाकी काही नाही. ज्या कामाला ती देवरीला गेली होती, ते झालंच नव्हतं. ती पोहोचण्याआधी तिथलं जनावर पुरलं होतं.

रिकाम्या हातानं परत येत होती माझी शालू. मला सगळ्यात जास्त तेच लागलं आहे.

पाहुण्यांना ती डॉक्टर शालिनी कापगते म्हणून माहीत आहे. आम्हाला ती तळ्याच्या कापगत्यांची शालू. पाळीवरच्या चिंचा आम्ही दोघींनी मिळून चोरल्या आहेत. आपल्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत हरवलो होतो, तेव्हा मी रडत होते आणि ही शहाणी एका म्हशीच्या नाकातून काय गळून राहिलं ते वाकून पाहत होती. काकू, तुम्ही आम्हाला शोधून काढलं आणि आधी मलाच मारलं. अजून आठवतं मला.

ती जनावरांची डॉक्टर झाली. दवाखाना टाकला असता तर गावातच राहिली असती, दुधाच्या दोन म्हशी तिच्या दारात असत्या. पण ती प्रयोगशाळेत गेली, आणि एका जंतूच्या मागे लागली. घटसर्पाच्या जंतूच्या. मी विचारायची, एकाच जंतूवर किती वर्षं काढणार वं? तर म्हणायची, तो आपल्यामागं लागला आहे तोपर्यंत.

लस तर आहे, मग ही काय करते, हा प्रश्न गावानं मला शंभरदा विचारला असेल. लस आहे. सरकारी आहे, चांगली आहे, पावसाळ्याच्या आधी दरवर्षी टोचतात. आणि दूध कमी होते म्हणून त्या दिवशी जनावर जंगलाकडे हाकलून देणारे शूरवीर इथं समोर बसले आहेत. नावं घेत नाही, आज शोकसभा आहे. त्या लशीत अख्खा जंतू मारून घातलेला असतो. तिचा जोर वर्षभर टिकला तर टिकला. एखाद्या साली चुकली, की त्या साली जनावर उघडं पडतं. मनसारामभाऊंनी काही लपवलं नव्हतं. लस टोचायला आले तेव्हा त्यांची जोडी तळ्यापलीकडे लेकीच्या बांधीत नेलेली होती. लेकीची जमीन आधी तयार व्हावी म्हणून. बापाचं काय चुकलं त्यात?

शालूला अशी लस करायची होती, जिचा जोर जास्त टिकेल आणि जी कुठल्याही गावच्या घटसर्पाला चालेल. ती मला समजावून सांगायची. मी बारावी शिकलेली बाई, मला कळलं तर तुम्हालाही कळेल. जंतूच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणात काही प्रथिनं असतात. त्यांच्याच आधारानं जंतू जनावराच्या अंगात टिकतो, त्यांच्याच वाटे खायला ओढून घेतो. जनावराचं रक्त जंतूला ओळखतं तेही त्या बाहेरच्या प्रथिनांवरून. मग अख्खा जंतू कशाला टोचायचा? ते नेमकं प्रथिन शोधायचं, तेवढंच टोचायचं, आणि रक्ताला सांगून ठेवायचं, हा दिसला की सोडू नको.

ऐकायला सोपं आहे. मग इतकी वर्षं का लागली? कारण जंतू लबाड आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीत त्याला सगळं आयतं मिळतं. लोह लागतं त्याला, तेही भरपूर मिळतं. तिथं तो बनियनवर बसलेल्या माणसासारखा आरामात असतो. जनावराच्या अंगात तसं नसतं. तिथं रक्त आपलं लोह लपवून ठेवतं. जंतू उपाशी पडतो, आणि मग ते लोह हिसकायला आवरणावर वेगळीच प्रथिनं बाहेर काढतो. बाटलीत ती दिसतच नाहीत. म्हणून शालू प्रयोगशाळेत जंतूला उपाशी ठेवायची. मी म्हणायची, बाई, तू स्वतः जेवली का? तर हसायची. बहुतेक वेळा जेवलेली नसायची.

आणि म्हणून तिला हाड लागायचं. जनावर मेलं की काही तासांत अंगात दुसरे शंभर जंतू शिरतात, सगळा घोळ होतो. पण पायाच्या नळीच्या हाडात, आतल्या मगजात, हा जंतू बराच वेळ एकटा सापडतो. जिथं रोग आला तिथलाच, ताजा, बाटलीत न लाडावलेला. हाड काढायचं, बर्फात घालायचं, प्रयोगशाळेत न्यायचं. एवढंच काम. पण ते आपल्याकडे कोणी करून दाखवावं.

पाहुण्यांनो, आमची रीत तुम्हाला सांगते. ज्या जनावरानं आमच्या बांधीत चिखल केला, त्याला मेल्यावर आम्ही सुरी लावत नाही. कोणाला देत नाही, उघड्यावर टाकत नाही. बाई त्याचे चारही खूर धुते, हळद-कुंकू लावते, आणि शेताच्या कोपऱ्यात त्याला अख्खं पुरतो. चारही पायांनी. पोळ्याला ज्याच्यासमोर आपल्या आधी नैवेद्य ठेवला, त्याला तीन पायांनी कसं पाठवायचं?

माझ्याकडे भुऱ्या होता. ज्यांनी त्याला पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी असा हेला पाहिलाच नाही, एवढंच सांगते. एका पावसाळ्यात त्याचा गळा सुजला आणि एका दिवसात तो गेला. रमेशभाऊंनी शालूला फोन केला, मला न विचारता. ती मिळेल त्या गाडीनं आली, हाच डबा घेऊन.

आधी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. स्वतःही हात लावला नाही. हातमोजे घातले, कानाजवळून सुईनं रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, रंग लावला, आणि माझ्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक ठेवून बसली. अख्खं गाव कुंपणाला टेकून उभं. बर्फ वितळतो आहे, उन्हं चढत आहेत, आणि ही बाई शांत बसून काचेत पाहते आहे. नंतर मला म्हणाली, हा घटसर्प आहे. काळपुळी निघाली असती तर तुझ्या मालकालाही खड्ड्याजवळ फिरकू दिलं नसतं, तो रोग माणसालाही धरतो. घाईत एवढं पाहायचं कधी सोडू नको, हे तिनं मला तेव्हा बजावलं. आज सकाळी मी मनसारामभाऊंच्या दारात पहिलं तेच विचारलं, काच पाहिली का?

मग ती माझ्याकडे आली. मी खुरांवर पाणी घालत होते. ती म्हणाली, "सुमे, मले त्याच्या मागच्या पायाचं नळीचं हाड पायजे."

मी तांब्या खाली ठेवला. काय काय बोलले ते इथं सगळं सांगत नाही, काकू समोर आहेत. तू शिकून हेच शिकली का, माझ्याच दारात येऊन माझ्याच जनावराचे तुकडे मागतेस का, असं सगळं. ती ऐकत होती. तिनं मला रोगाची भीती दाखवली नाही, गावाच्या भल्याचं भाषण दिलं नाही. मला म्हणाली, नाही म्हणायचं तर नाही म्हण, मी उठून जाईन, पण लवकर म्हण, बर्फ चालला आहे.

मी विचारलं, "तीन पायांनी थो उभा कसा राहील?"

मंडळी, शहरात शिकलेल्या माणसासमोर असलं काही बोललं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. माणूस हसतो. तोंडानं नाही हसला तर डोळ्यांनी हसतो. शालू हसली नाही. ती खाली बसली, भुऱ्याच्या खुरावर हात ठेवला, आणि विचार करून म्हणाली, "वापस आनून देईन. काम झालं का तुह्या हातात देईन. तूच ठेव त्याच्याजवळ."

मी दिलं. मी आधी नाही म्हटलं त्यात माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. माझं जनावर होतं. आणि हो म्हटलं तेही तिच्या शब्दावर म्हटलं, विज्ञानावर नाही.

हाड गेलं. नंतर मी तिला फोन करून करून हैराण केलं. माझं हाड कुठं आहे? ती म्हणायची, आहे, सांभाळून आहे. खरं तर तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, रोगाचं हाड आहे, काम झालं की जाळून टाकायचं, तसाच नियम आहे. ही त्यांच्याशी भांडली. नियम जंतू मारायचा आहे ना, मग मी मारते, म्हणाली. हाड वाफेच्या दाबात शिजवलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आतला जंतू पुरता मेला हे तपासून पाहिलं, कागदावर परवानगी घेतली, आणि पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी एसटीतून उतरली. याच डब्यात, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं, स्वच्छ. आम्ही दोघी शेताच्या कोपऱ्यात गेलो. तिनं चपला बांधावर काढल्या. खड्डा तिनं खणला, हाड मी ठेवलं. दोघीही रडलो. ती माझ्यासाठी रडत होती, मी भुऱ्यासाठी. तेव्हापासून आसपासच्या गावांत लोक म्हणायला लागले, ती हाड परत करणारी बाई.

पण मला आज सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, सुमे, तुझ्या भुऱ्यानं माझी लस पाडली. तिनं वर्षानुवर्षं एक प्रथिन धरून ठेवलं होतं. दूरदूरच्या गावांतून आणलेल्या जंतूंवर ते सापडत होतं, उंदरांवर चांगलं काम करत होतं. सगळ्यांना वाटत होतं, हेच ते. आणि भुऱ्याच्या हाडातला जंतू उपाशी ठेवला, तर त्याच्या आवरणावर ते प्रथिन वेगळ्याच रूपात निघालं. तिच्या लशीनं शिकवलेलं रक्त त्याला ओळखेना. आपल्या गावचा जंतू तिच्या लशीसमोरून सहज निघून गेला असता.

मी म्हटलं, माफ कर वं. तर चिडली. म्हणाली, "माफी कायले मांगून राहिली? थे लस कागदावर जिंकली असती अन् तुह्या गोठ्यात हरली असती."

आणि तिनं नव्यानं सुरुवात केली. केस पांढरे झाल्यावर. तिच्याबरोबरचे लोक तिला म्हणत होते, एकाच हाडावरून एवढं मागे फिरू नका, तो एखादाच विचित्र जंतू असेल. तीही म्हणायची, असेल. एका हाडावरून गोष्ट ठरत नाही. आपल्या भागातून आणखी एक हाड मिळालं असतं तर कळलं असतं, भुऱ्याचा जंतू एकटाच तसा होता, की या सगळ्या तळ्यांच्या मुलखातला घटसर्पच तसा आहे. एकटाच असेल, तर तिचं जुनं काम उभं राहतं. सगळाच तसा असेल, तर लस बनवणाऱ्याला आपल्या मुलखासाठी दुसरं प्रथिन शोधावं लागेल, नाहीतर उद्या लस येईल आणि आपल्याच दारात फसेल.

त्या एका हाडाची ती वाट पाहत होती. आणि वाट पाहायची तिला लाज वाटायची. मला म्हणाली होती, मला हाड पाहिजे आणि कोणाचं जनावर मरायला नको, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पाहिजेत, सांग कोणाजवळ मागू? देवरीकडचा फोन आला तेव्हा ती दम लागत असतानाही निघाली. काकूंनी अडवलं होतं. मीही फोनवर अडवलं होतं. म्हणाली, जाऊन येतो वं, बसायलाच तर लागते बसमध्ये.

मागे कोण बोललं? मोठ्यानं बोला, मला ऐकू आलं आहे. इतकी वर्षं बाईनं हाडं नेली, लस कुठं आहे, असंच ना? बरोबर प्रश्न आहे. शोकसभेत विचारू नये असं नाही. लस नाही. झालेली नाही. शालूनं कधी झाली म्हटलंही नाही. मी इथं उभी राहून तुम्हाला सांगितलं, की आज हाड दिलं की पुढच्या पावसाळ्यात सुई येईल, तर मी खोटारडी ठरेन, आणि शालू या फोटोतून माझ्यावर डोळे वटारेल. कदाचित आपल्या नातवंडांच्या जनावरांना मिळेल. कदाचित या प्रथिनातून काहीच निघणार नाही. ते कोणालाच माहीत नाही. माहीत नाही, म्हणूनच तर पाहायचं आहे.

आज सकाळी शालूची सहकारी तेजस्विनी आली. ती बसली आहे पहिल्या रांगेत, निळ्या ओढणीची. फोटो घेऊन आली होती, डबा नव्हता आणला तिनं. शोकसभेला कोण आणतं? मनसारामभाऊंची बातमी ऐकून ती माझ्याकडे आली, पण हाड मागायचं तिच्या जिवावर आलं होतं. मीच तिला घेऊन भाऊंच्या दारी गेले. भाऊ खुरांवर पाणी घालत होते. आमच्या वहिनी नाहीत आता, म्हणून ते स्वतःच घालत होते.

मी विचारलं. भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई होती तं हाड वापस येत होतं. आता बाईच नाही. वापस कोन आनून देईन?"

मी परत आले, तेजस्विनी परत आली. सभेची वेळ झाली होती.

नाही, भाऊ, उठू नका. मला माहीत आहे तुम्हाला खड्ड्याकडे जायचं आहे. थोडंच राहिलं आहे. चारचौघांत तुमचं नाव घेते आहे, हे मला बरं वाटत नाही. पण आज तुमच्या दारात मी गप्प राहिले, आता राहवत नाही.

भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे. तो तुमच्या एकट्याचाही नाही. शालूच्या मागं तिचं काम कोण करेल, हे सगळेच विचारत आहेत. तिकडची मोठी माणसं आहेत, ती पाहतील. मला प्रथिन शोधता येत नाही, जंतू उपाशी ठेवता येत नाही. पण हाड परत आणणं मला येतं. त्याला शिकलेलं असावं लागत नाही. शब्द पाळावा लागतो आणि तिथल्या माणसांचा पिच्छा पुरवावा लागतो. माझ्याकडून फॅटचा हिशोब कधी सुटला आहे का कोणाचा? मी नागपूरला जाईन. त्या प्रयोगशाळेच्या दारात बसेन. त्यांनी वाफेत शिजवलं, जंतू मेला हे तपासलं, हे माझ्या डोळ्यांनी पाहीन. आणि तुमच्या हेल्याचं हाड पांढऱ्या कपड्यात घेऊन तुमच्या हातात देईन. तेजस्विनीनं मघाशी मला विचारलं, ताई, साहेबांनी नाही म्हटलं तर? मी तिला म्हटलं, तू भांडायचं. तुझ्या बाईनं तुला आणखी काय काय शिकवलं ते मला माहीत नाही, हे नक्की शिकवलं असेल.

हे मी सगळ्या गावासमोर बोलले आहे. उद्या मी टाळाटाळ केली, तर दूध संस्थेच्या बैठकीत मला उभी करा आणि विचारा.

तरीही भाऊ नाही म्हणू शकतात. त्यांचं जनावर आहे. कोणी त्यांच्याकडे रोखून पाहायचं नाही, कोणी वाटेत अडवून शहाणपण सांगायचं नाही. त्यांनी हेला चारही पायांनी पुरला, तर मी खड्ड्यावर येईन आणि माती लोटेन. शालूही आली असती.

काकू, आता तुमच्याशी. तुमची लेक तुमच्या आधी गेली. माझी शालू गेली आहे, आणि मला राग आला आहे. तिचाच आला आहे. दम लागत होता तर कशाला गेलीस? एवढ्यावर थांबते, नाहीतर माझ्यानं पुढचं होणार नाही.

या डब्याचा हार मी काढते आहे, काकू. रागावू नका. हा फोटोलाच घालते. डबा रिकामा आहे, आणि बाहेर दूध संस्थेच्या गाडीत मी बर्फ आणून ठेवला आहे.

आता सगळे उठून उभे राहू या. भाऊ, तुम्हीही. आपण शालूसाठी शांत राहू. या शांततेत कोणी हो म्हणू नका, नाही म्हणू नका, कोणी कोणाकडे वळून पाहू नका. ती काचेवर वाकून बसली होती तेव्हा सगळं गाव कुंपणाशी गप्प उभं राहिलं होतं, तसे उभे राहा. नंतर मी हा डबा घेऊन या दारातून बाहेर पडेन. उजवीकडे बर्फाची गाडी उभी आहे, डावीकडे तळ्याची पाळ आणि खड्डा. मनसारामभाऊ, तुम्ही पुढं चाला. जिकडं वळाल तिकडं मी मागं येते.

शालू, डबा घेतला वं मी. उठा, मंडळी.